पारधीचा मांगर : बांधकामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आजोबांचा रानातला मांगर पडलाय हे ठाऊक होतं. किती पडलाय ते आज दिसलं.

सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यातला आमचा रस्ता जिथे संपतो तिथून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने वीस मिनिटांचा चढ. पावसात माजलेलं रान कोयत्याने मोकळं करत काका पुढे, टेप आणि वही घेऊन मी मागे. पश्चिमेची भिंत पूर्ण आडवी. अर्धं छप्पर आत बसलेलं आणि त्यातून एक पायरीचं झाड बिनधास्त वर आलेलं. पूर्वेची भिंत उभी आहे, दक्षिणेची उभी राहिल्याचं नाटक करतेय. जोतं मात्र शाबूत : काळ्या दगडाचं, दक्षिणोत्तर १७ फूट, रुंदी १३.

आमच्याकडे रानात, बागेत, शेताच्या कडेला बांधलेल्या खोपटाला मांगर म्हणतात. त्यात गुरं असतात, गवत असतं, औतं असतात. हा मात्र आजोबांनी निव्वळ शिकारीसाठी बांधलेला, म्हणून घरात याचं नाव पारधीचा मांगर. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध बंद झाली. (‘कागदावर लगेच, रानात जरा सावकाश,’ इति काका.) मग इथे यायचं कुणाला कारणच उरलं नाही.

पूर्वेच्या भिंतीत बंदुकीचं भोक आहे. जमिनीपासून २ फूट ४ इंच, दक्षिणेच्या कोपऱ्यापासून ५ फूट २ इंच. आतून वीतभर रुंद, बाहेर चार बोटं. काही उपयोग नसताना मोजून ठेवलं.

घरातली इथे आलेली मी पहिली बाई. आजी कधी आली नाही. आई १९७० मध्ये लग्न होऊन या घरात आली, तीही नाही. त्यांच्यापर्यंत पोचायचा तो सागाच्या पानात बांधलेला वाटा.

१५ ऑक्टोबर

विधानसभेची आचारसंहिता लागली. काकाची एकनळी बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, दर निवडणुकीसारखी पोलीस ठाण्यात जमा करायची. काका म्हणतो, मांगरात बंदूक टांगायला खुंटी मात्र हवीच. बंदूक ठाण्यात, खुंटी रानात.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला सगळे आले होते तेव्हा बोलणं झालं, आज कागदावर आलं. जुनंच जोतं धरायचं. उत्तरेकडे ३ फूट आणि पश्चिमेकडे ३ फूट वाढवायचं. म्हणजे २० बाय १६. एकच खोली, पश्चिमेला उघडी पडवी पुढे कधीतरी. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे तासलेल्या जांभ्या दगडाच्या, वर कौलं. पत्र्याचा विषय धाकट्या भावाने काढला होता, काकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

लाकडाचा प्रश्न तौक्ते वादळाने आधीच सोडवलाय. १६ मे २०२१ ला परड्यातला मोठा फणस आणि एक ऐन आडवे झाले. ओंडके साडेतीन वर्षं गोठ्याच्या पडवीत विटांवर ठेवलेत, चांगले वाळलेत. उभं झाड तोडायचं तर आमच्याकडे फणस, ऐन, किंजळ, जांभूळ या सगळ्यांना परवानगी लागते. त्या फेऱ्या वाचल्या.

आईने एकच प्रश्न विचारला : ‘चूल खंय आसा?’ जुन्या मांगरात चूल कुठे होती ते कुणालाच सांगता येईना. काका तर चक्क विषय बदलून बाहेर गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

जागेच्या राखणदाराला नारळ ठेवला. काकाने गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा’ पासून सुरू करून पाच मिनिटं. त्यात गवंड्याचं, सुताराचं, ट्रॅक्टरवाल्याचं, माझ्या गुडघ्याचंसुद्धा नाव आलं. आम्ही चौघं मागून ‘होय म्हाराजा’.

मग चुन्याने आखणी. कोपरा काटकोनात आणायला ३-४-५ चं माप लावलं. आजोबांचं जोतं चार इंच तिरकं निघालं. गवंडी हसला. मला नाही हसू आलं. टेप नव्हती, दोरीवर बांधलंय.

८ डिसेंबर, रविवार

उतरवणं. कौलं हाताने, एकेक, रांग लावून खाली. फुटकी वगळता ४६० धड मिळाली. शेवाळ खरवडल्यावर काहींच्या पाठीवर बाझल मिशनचं नाव निघालं. मंगळुरात कौलांचा पहिला कारखाना या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये काढला; ‘मंगळुरी कौल’ हे नाव तिथून. त्यातली कौलं डोक्यावरून या चढावर कुणी आणली असतील, किती खेपांत, ते कुठेच लिहिलेलं नाही.

दुपारी माळ्याच्या फळ्या काढताना पोत्यात गुंडाळलेली सांबराची शिंगं सापडली. दोन जोड्या. बुडाला खिळ्यांची भोकं, म्हणजे हीच ती खुंटी. काकाचा चेहरा असा उजळला की पुढचं बोलवेना. पण बोलले. या शिंगांना मालकीचा दाखला लागतो, तो आपल्याकडे आहे का?

१९ डिसेंबर

दाखला नाही. आजोबांची ट्रंक, देवघराचं कपाट, काकाची फाइल, सगळं पालथं घातलं. बंदुकीच्या परवान्याच्या पावत्या १९५० च्या दशकापासून आहेत. शिंगांचा कागद नाही.

वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला, पंचनामा झाला, शिंगं जमा केली. तिथली माणसं नीट बोलली, चहाही दिला. काका आला नाही. घरी आल्यावर म्हणाला, ‘आता मांगरात पारधीचा काय ऱ्हवला?’ आणि तीन आठवडे कामावर फिरकला नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पाया. जुनं जोतं तसंच, वाढीव दोन बाजूंना चर. उत्तरेला दोन फुटांवर कातळ लागला, पश्चिमेला साडेतीन फूट गेलो तरी लाल मातीच. डबर भरलं. वरच्या थराला सिमेंट, बाकी कोरडा दगड कोंबून. गवंड्याचं म्हणणं सगळीकडे सिमेंट वापरा. माझं म्हणणं, भिंती मातीत रचू, बाहेरून दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) सिमेंटने भरू. चिरा पुन्हा सुटा करता आला पाहिजे. ‘बाय, तुझा घर, तुझी माती,’ असं म्हणून तो मान्य झाला. (हे वाक्य मे महिन्यात मला परत ऐकावं लागणार होतं.)

काका आज आला. शिंगांबद्दल एक अक्षर नाही. डबर उचलू लागला.

९ फेब्रुवारी, रविवार

भिंतींना हिशेबाने ७७० चिरे लागतात. तासताना फुटतात म्हणून ८५० मागवले. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ अठ्ठावीस टन जांभा डोंगरावर चढवायचा. ट्रक रस्त्याच्या टोकापर्यंत. तिथून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका वेळी साठ-पासष्ट, व्हाळ दोनदा ओलांडून, चौदा खेपा. चढाच्या वळणावर दोघांनी मागे उटी घेऊन चालायचं, ट्रॉली थांबली की चाकाखाली सरकवायची. चिऱ्यापेक्षा त्याची वाहतूक महाग पडली.

दुसऱ्या ट्रकचा माल खराब. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की टणक होत जातो, हे खरं. पण हे चिरे पिवळट, आत मातीच्या गाठी, नख लावलं तर भुकटी. गवंड्याने एकावर एक आपटून दाखवला : चांगला ठणकतो, हा धप्प वाजला. ‘ह्यो कोवळो आसा. पावसात साखरेसारखो इरघळतलो.’ खाणवाल्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तुमच्या गवंड्याला काय कळतं?’ ९० चिरे बाजूला काढले. त्यांची पुढे पायरी करू, नाहीतर बसायला ओटा.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाच थर वर. ओळंब्याने तपासलं, वायव्येचा कोपरा अर्धा इंच बाहेर. दोन थर उतरवून पुन्हा. मातीचा गारा करायला पाणी व्हाळाचं. ते अजून वाहतंय, पण बारीक झालंय.

१६ मार्च

शिमगा. गवंडी, सुतार, मजूर, काका, सगळे देवाबरोबर. काम बंद. नोंद एवढ्यासाठी की पुढे कुणी विचारलं, मार्चात काय केलं, तर हे केलं.

६ एप्रिल, रविवार

माझ्या गैरहजेरीत गवंड्याने पूर्वेची भिंत पूर्ण केली आणि भोक ठेवलं बरोबर मधोमध. सुंदर काम. चारी बाजूंनी तासलेले चिरे, आत रुंद, बाहेर अरुंद. आत मांडी घालून बसले, डोळा लावला. समोर किंजळीचं खोड. फक्त खोड. थोडं इकडे सरकले, खोड. तिकडे सरकले, खोडाची दुसरी बाजू.

‘मधोमध कसा शोभता,’ गवंडी म्हणाला. ‘तुमच्या आज्यान खंय ठेवलेला ता माका काय म्हायत?’ त्याचंही खरं. पण वहीत होतं. जुना दक्षिण कोपरा हललेला नाही. तिथून ५ फूट २ इंच, खालून २ फूट ४. तेवढे चार चिरे सोडवले (मातीत रचल्याचा पहिला फायदा), भोक हलवलं. आता बसून पाहिलं तर किंजळ डावीकडे, एक खडप (खडक) उजवीकडे, आणि दोघांच्या मधल्या फटीत व्हाळातली कोंड, म्हणजे डोह, अख्खी. एप्रिलात वरचं सगळं आटतं, पाणी उरतं ते तेवढ्या कोंडीतच.

काका बराच वेळ भोकापाशी बसून होता. मग आपणहून सांगायला लागला. रात्री हवा थंड होते, वारा डोंगरावरून व्हाळातून खाली उतरतो. म्हणून मांगर कोंडीच्या खालच्या अंगाला : जनावराचा वास माणसाकडे येतो, माणसाचा जनावराकडे जात नाही. दिवसा वारा उलटा वर चढतो, म्हणून दिवस मावळेपर्यंत कुणी हलायचं नाही. बोलायचं नाही. तंबाखू चालेल, विडी नाही. आणि चूल? ‘चूल नव्हतीच. धूर खंय जायत सांगूक येना नाय.’

म्हणजे आईच्या नोव्हेंबरातल्या प्रश्नाचं उत्तर त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मग पारधीच्या दिवशी खायचं काय? काकाने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे काय विचारणं झालं. ‘तुझी आवस पहाटे भाकऱ्यो बांधून देय.’

भोक बुजवून टाका, असा गवंड्याचा सल्ला आहे, ‘जनावर भितुर येतला’. जनावर म्हणजे साप. फणसाचं बूच करायचं ठरवलं, आतून दाबून बसवायचं, धरायला मूठ.

२० एप्रिल, रविवार

आढं फणसाचं, दोन तुकड्यांत, सांधा मधल्या खांबावर. खांब ऐनाचा. वासे थोडे ऐनाचे, थोडे भेरल्या माडाचे. कौलांखालच्या रिपा पोफळीच्या. सुतारकाकांनी सांधा खाचा पाडून, लाकडी खुंट्या मारून केला. खिळा फक्त रिपांना.

वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल. काळं, दाट. होड्यांनाही लावायची पद्धत आहे. सुतारकाकांनी हाताला खोबरेल चोळून, फडकं गुंडाळून मगच डब्याला हात लावला आणि मलाही तसंच सांगितलं. मी हातमोजे घातले, पण घाम पुसायला त्याच हाताने कपाळ पुसलं. आता कपाळावर आणि एका गालावर फोड आलेत, कातडं निघतंय. ऑफिसात प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगतेय.

४ मे

रात्री राहिलो, काका, भाऊ, मी. चार भिंती, वर नुसते वासे आणि चांदणं. साडेतीनच्या सुमाराला भेकर ओरडलं, अगदी कुत्रं भुंकल्यासारखं. भोकातून काही दिसलं नाही. पाणी पिण्याचा आवाज मात्र आला, पाच-सहा घोट. काकाने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि आवाज थांबेपर्यंत काढला नाही. पहाटे कोंडीच्या चिखलात खूर पाहिले. भेकराचे बारीक, आणि त्यांच्याशेजारी गव्याचे, ताटलीएवढे. गवा कधी येऊन गेला ते तिघांनाही कळलं नाही.

११ मे, रविवार

ही चूक पूर्णपणे माझी. रिपांमधलं अंतर कौलावरून ठरतं. गावातलं एक जुनं घर पाडलं तिथून मी पाचशे कौलं विकत घेतली होती, त्यांच्यातलं एक सुतारकाकांना मापाला दिलं. दोन्ही पाख्यांना (छपराच्या उतारांना) त्याच मापाने रिपा मारून झाल्या. पूर्वेचं पाखं चढवलं, झकास बसलं. पश्चिमेला आमची बाझल मिशनची घेतली, तर ती अर्ध्या इंचाने आखूड. पहिल्या दोन रांगा ओढूनताणून बसतात, तिसरीला खाच रिपेवर येतच नाही. मंगळुरी म्हटलं की सगळी एकाच मापाची, असं मी धरून चालले होते.

पश्चिमेच्या सगळ्या रिपा काढून परत मारायच्या. सुतारकाकांच्या घरी लग्न आहे, ते २२ ला येतील. हरकत नाही, पाऊस ७ जूनला.

२० मे, मंगळवार

पाऊस इलो.

२५ मे, रविवार

वळीव म्हणून सोडून देत होतो, तो थांबलाच नाही. आज हवामान खात्याने मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर केलं. मे महिन्यात!

मंगळवारी रात्रीच भाऊ आणि मी दोन ताडपत्र्या घेऊन वर गेलो. पश्चिमेचं पाखं उघडं, आणि वारा नैर्ऋत्येचा. ताडपत्री बांधली, गुरुवारी वाऱ्याने तिचा एक कोपरा फाडला. शुक्रवारी पहाटे नैर्ऋत्येचा कोपरा बसला. मातीचा गारा वाहून गेला, दर्जा भरायच्या राहिल्या होत्या, वरचे चार थर बाहेर कलले आणि गेले. ४३ चिरे. जुन्या मांगराची पडली तीही हीच बाजू.

गवंडी बघायला आला. भिजत उभा राहिला. ‘तुझा घर, तुझी माती,’ म्हणेल असं वाटलं, तर तेच म्हणाला. पण हसून, आणि लगेच धोतर वर खोचून चिरे गोळा करायला लागला. त्यांतले फुटले फक्त पाच.

८ जून, रविवार

दोन उघडिपीच्या दिवसांत सुतारकाकांनी रिपा मारल्या, आम्ही रांगेत उभं राहून कौलं वर दिली. ४६० पैकी ४३१ चढली. कोने (आढ्यावरची कौलं) बसले. पडलेल्या कोपऱ्याला तात्पुरती चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झड विणून बांधली, ती काकाच्या हातची. आत पाणी येत नाही असं नाही, पण वरून येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

चार महिन्यांनी वर. ट्रॅक्टरची वाट म्हणजे आता व्हाळाची दुसरी शाखा. वांदरांनी पूर्वेची अकरा कौलं फोडलीत. बाझल मिशनची त्यांना आवडलेली दिसत नाहीत. बाजूला टाकलेल्या कोवळ्या चिऱ्यांपैकी निम्म्यांचा लाल चिखल झालाय. गवंड्याला फोटो पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला.

कोपरा पुन्हा रचायचा. या वेळी मातीत थोडं सिमेंट. हट्ट तेवढ्यापुरता सोडला.

३० नोव्हेंबर, रविवार

जमीन. महिनाभर माती चाळून, भिजवून, चोपून घेतली होती. आज सारवण. आणि आज आई आली.

पंचाहत्तरीची बाई वीस मिनिटं चढणार नाही, म्हणून ट्रॉलीत वाळूच्या गोण्या, त्यावर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीला दोरी, दोरीला मी आणि भाऊ. व्हाळात ट्रॉली कलली तेव्हा आईने डोळे मिटले नाहीत, उलट वाकून पाणी किती आहे ते पाहिलं.

आत आल्यावर पहिल्यांदा जमिनीवर टाच आपटून बघितली. दोन जागा पोकळ लागल्या, त्या परत चोपायला लावल्या. शेणात राख कमी आहे म्हणाली, ती वाढवली. मग खुर्चीवर बसून, कुणी कुठून मागे सरकत सारवत यायचं ते सांगत राहिली. काकाने आयुष्यात पहिल्यांदा सारवलं. त्याच्या हाताचे अर्धगोल वेडेवाकडे आलेत, ते तसेच ठेवलेत.

जमीन सुकेपर्यंत ओट्यावर भाकरी खाल्ली, पहाटे आईनेच बांधलेली. सुकल्यावर तिला भोक दाखवलं. बूच काढलं, खुर्ची जवळ लावली. ती वाकून बघत बसली. दुपारची वेळ, कोंडीवर एक खंड्या होता, बाकी काही नाही. ‘रातभर हयसर बसत?’ तिने काकाला विचारलं. काका म्हणाला, हो. ‘आणि एका जागी?’ हो. ‘घरात कधी बसाक नाय तो असो,’ आई म्हणाली. तो म्हणजे बाबा.

मग तिने चुलीची जागा दाखवली : ईशान्येचा कोपरा, तिथे कौलाऐवजी काचेचं कौल आणि धूर जायला फट. काकाने वाऱ्याचा मुद्दा काढून पाहिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता कोणाक मारूचा नाय तर धूर कोणापासून लपवतस? काका गप्प. पुढचा प्रश्न माझ्याकडे वळला. ‘भांडी खंय घासूची?’

मोरी नाही. आजोबांच्या मांगरात नव्हती, माझ्या नकाशातही नाही. भोकाचं माप इंचात घेतलं होतं मी.

ईशान्येच्या बाहेरच्या अंगाला जागा काढली. मोरी ३ बाय अडीच फूट, कोवळ्यांतले उरलेले टणक चिरे तिथे वापरायचे, उतार व्हाळाच्या उलट्या दिशेला, म्हणजे कोंडीत खरकटं जाणार नाही. चिरे लागतील २४. गवंडी बुधवारी येतोय.